दोन इंजिनं, एक घाट

मुंबईहून पुण्याला ट्रेननं गेला असाल, तर कर्जतचा थांबा तुम्हाला माहीत असणारच. गाडी थांबते, प्लॅटफॉर्मवर वड्यांचा घमघमाट सुटतो आणि आपण खिडकीतून हात बाहेर काढून दहा-वीसच्या नोटा नाचवतो. गाडी इतका वेळ का थांबते, याच्याशी बहुतेकांना देणंघेणं नसतं. वडा मिळाला, विषय संपला. खरं तर त्या वेळात गाडीच्या शेपटाला मागून इंजिनं जोडली जात असतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोर घाट आहे आणि तिथली चढण ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, तेव्हा कुठे लोणावळा येतं.

जपानमध्ये अगदी असंच एक कर्जत होतं. त्याचं नाव योकोकावा. तिथून कारुइझावापर्यंत उसुई घाट. अंतर जेमतेम ११ किलोमीटर, पण चढण १५ ला १! आपल्या बोर घाटाच्या दुपटीहून जास्त. १८९३ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून गाड्या वर चढवल्या जायच्या. १९६३ मध्ये ती पट्टी गेली आणि साध्या रुळांवरून साध्या चाकांनी चढायचं ठरलं. त्या कामासाठी खास बनवलेलं विजेचं इंजिन म्हणजे ईएफ६३. प्रत्येक गाडीला योकोकावाच्या बाजूनं अशी दोन इंजिनं लागायची. चढताना ती मागून ढकलायची, उतरताना पुढे राहून गाडीला धरून ठेवायची. ती जोडेपर्यंत गाडी थांबायची आणि प्रवासी प्लॅटफॉर्मवर उतरून मातीच्या छोट्या भांड्यातला 'कामामेशी' भात विकत घ्यायचे. १९५८ पासून मिळणारा तो भात आजही तितकाच फेमस आहे. घाट, थांबा, बँकर आणि खाणं, सगळं सेम टू सेम. इतकंच कशाला, तारेतली वीजसुद्धा १५०० व्होल्ट डीसी, जी आपल्या मुंबई-पुणे मार्गावरही कित्येक दशकं होती.

१९९७ मध्ये वेगळ्या मार्गानं शिनकानसेन आली आणि उसुईचा रेल्वेमार्ग बंद झाला. ईएफ६३ मात्र जिवंत आहे. एक तर योकोकावाच्या रेल्वे पार्कात, जिथे रीतसर प्रशिक्षण घेऊन तुम्हाला खरंखुरं ईएफ६३ चालवता येतं. आणि दुसरं, तळहातावर मावेल एवढ्या आकारात, जगभरातल्या हौशी लोकांच्या टेबलांवर. आज बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल.

नऊ मिलिमीटरची दुनिया

या आकाराला 'एन' म्हणतात, कारण रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेत एन म्हणजे १:१६०, जपानमध्ये शिनकानसेन सोडून बाकी सगळं १:१५०. जपानमधलं पहिलं एन मॉडेल काटो कंपनीनं १९६५ मध्ये काढलं, ते सी५० हे वाफेचं इंजिन. १९७६ मध्ये टोमिक्स आलं. तेव्हापासून जपानी एन म्हटलं की ही दोन नावं आणि त्यांच्या भक्तांची भांडणं, आपल्याकडच्या अँड्रॉइड-आयफोनसारखी.

घरातली जागा हा आपल्याकडे कळीचा मुद्दा. हॉस्टेलच्या खोलीत किंवा वन-बीएचकेमध्ये मोठ्या आकाराचा लेआउट टाकायचा म्हणजे घरच्यांशी युद्धच. (मोठा आकार बघायचाच असेल, तर पुण्यात कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथला एचओ, म्हणजे १:८७ चा पसारा बघून या. डोकं हलतं.) एनमध्ये काटोच्या ३१५ मिलिमीटर त्रिज्येच्या आठ वळणांत एक पूर्ण गोल होतो आणि तो अभ्यासाच्या टेबलावर मावतो. काम झालं की उचलून कपाटात.

एक गंमत सांगतो. जपानी रूळ खऱ्यात १०६७ मिलिमीटरचे. त्याला १५० नं भागलं तर सात मिलिमीटर येतात. मॉडेल धावतं मात्र नऊवर, म्हणजे जपानी इंजिन किंचित फेंगडं उभं असतं. आपले रूळ १६७६ मिलिमीटरचे, त्याला १६० नं भागलं तर साडेदहा येतात. म्हणजे आपलं एखादं इंजिन एनमध्ये बनवलं, तर ते पाय जवळ घेऊन उभं राहणार. त्याच नऊ मिलिमीटरवर एकाला सैल होतं, दुसऱ्याला घट्ट. सगळ्या जगाला हे माहीत आहे आणि सगळं जग दुर्लक्ष करतं.

काटो की टोमिक्स?

ईएफ६३ दोघांनीही बनवलंय. त्यामुळे पहिला प्रश्न हाच येतो: कुठलं भारी? बॉक्समधून काढून फोटो काढायचा असेल, तर या प्रश्नाला अर्थ आहे. पँटोग्राफ कुणाचा नाजूक, रंग कुणाचा जवळचा, छतावरची शिट्टी आधीच बसवलेली आहे की आपण बसवायची, खिडकीच्या काचा कितपत सपाट बसल्यात. यावर तासन्‌तास बोलता येतं आणि लोक बोलतातही.

पण ईएफ६३ बद्दल हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. हे इंजिन कधी एकटं धावलंच नाही, त्याचं आयुष्य जोडीत गेलं. तुम्हाला उसुई घाट टेबलावर आणायचा असेल, तर दोन इंजिनं लागणार. आणि आपल्या खिशाचा विचार केला, तर दोन एकसारखी नवी इंजिनं एकदम घेणं कुणालाच परवडत नाही. एखादं मामेभाऊ टोकियोहून येताना घेऊन येतो, दुसरं वर्षभरानं कुणाकडून तरी सेकंड हँड मिळतं. एक काटो, एक टोमिक्स. किंवा दोन्ही एकाच कंपनीची, पण मध्ये वीस वर्षांचं अंतर. (तो फरक कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, हे कुठल्याही जुन्या मोटारीचा आवाज ऐकलात की पटेल.) मग खरा प्रश्न असा उरतो: ही दोघं एकमेकांबरोबर नांदतील का?

नांदत नसतील तर काय होतं? एक जोरात पळायला बघतं, दुसरं मागे राहतं. पळणाऱ्याची चाकं घसरतात, मागचं ओझं होऊन बसतं, दोन्ही मोटारी तापतात. सपाटीवर हे झाकलं जातं. चढावर सगळं उघडं पडतं.

आधी मोजा, मग उघडा

नवं इंजिन हातात आलं की स्क्रूड्रायव्हर शोधायचा मोह होतो. थांबा. आधी वही काढा.

दोन्ही इंजिनं एकेक करून त्या आठ वळणांच्या गोलावर फिरवा. एका फेरीचं अंतर जवळपास १ मीटर ९८ सेंटीमीटर. खरं ईएफ६३ जास्तीत जास्त ताशी १०० किलोमीटर जायचं. त्याला १५० नं भागलं, तर मॉडेलची एक फेरी पावणेअकरा सेकंदांत व्हायला हवी. उसुईच्या उतारावर प्रवासी गाडीला ताशी ३८ ची मर्यादा होती, त्या हिशेबानं एका फेरीला २८ सेकंद लागतात. करून बघा. आपण सगळेच मॉडेल फार जोरात पळवतो, हे घड्याळ लावल्यावर कळतं. २८ सेकंदांची फेरी बघताना पहिल्यांदा कंटाळा येतो, मग हळूहळू ते इंजिन जड वाटायला लागतं, खरं वाटायला लागतं.

कंट्रोलरला मल्टिमीटर लावून ४, ६ आणि ८ व्होल्टला प्रत्येकी तीन फेऱ्यांची वेळ लिहा. सरळ जाताना आणि उलटं जाताना दोन्हीकडे लिहा, कारण बरीच इंजिनं एका दिशेला थोडी आळशी असतात. मग सगळ्यात कमी किती व्होल्टला इंजिन न अडखळता सरपटतं, ते बघा. फोनचा स्टॉपवॉच पुरतो. दोन इंजिनांचे आकडे एकाच ग्राफवर काढले, की तुमच्यासमोर दोन रेषा येतील. 'कुठलं भारी' याचं उत्तर त्यात नसेल, पण काय बदलायचं याचं नक्की असेल.

दुसरी चाचणी ओढण्याची. टेबलाच्या कडेला एक गुळगुळीत छोटी पुली बसवा, इंजिनाच्या कपलरला दोरा बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक पुलीवरून खाली सोडा आणि त्याला कागदाची पुडी लटकवा. पुडीत वॉशर टाकत जा. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की थांबा आणि पुडी दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या इंजिनाची ताकद. इथे एक गोष्ट नीट बघा: चाकं घसरून फिरली की मोटरच अडून बसली? घसरली तर उत्तम. का, ते पुढे सांगतो.

बत्तीस ग्रॅमचं कोडं

खरं ईएफ६३ १०८ टनांचं. मॉडेल लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे दीडशेनं लहान होतं, म्हणजे वजन दीडशेच्या घनानं, ३३ लाख ७५ हजारांनी भागायचं. उत्तर येतं ३२ ग्रॅम. पाच-सहा बिस्किटांचं वजन! एवढं हलकं इंजिन स्वतःची वीजसुद्धा रुळांवरून नीट उचलणार नाही. म्हणून सगळेच उत्पादक आतमध्ये धातूचा ठोकळा भरून ते दुप्पट-तिप्पट जड करतात.

समजा तुमचं इंजिन ८० ग्रॅमचं आहे आणि मागे ३० ग्रॅमचे आठ डबे. एकूण ३२० ग्रॅम. धातूच्या चाकाची धातूच्या रुळावर पकड वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी धरू, म्हणजे इंजिन १६ ग्रॅमचा ओढा देऊ शकतं. बोर घाटाच्या ३७ ला १ चढावर ३२० ग्रॅमची गाडी मागे खेचते साडेआठ-पावणेनऊ ग्रॅमनं. डब्यांच्या चाकांचं घर्षण धरलं तरी इंजिन जाईल. आता तीच गाडी उसुईच्या १५ ला १ वर ठेवा. मागे खेचणारा ओढा २१ ग्रॅमच्या वर जातो आणि तुमच्याकडे आहेत १६. इंजिन जागेवर चाकं घासत बसणार. दुसरं इंजिन जोडा. गाडी ४०० ग्रॅम झाली, मागचा ओढा जवळपास २७, पण तुमच्याकडे आता ३२ आहेत. निघाली गाडी!

म्हणजे दोन इंजिनं लागायची ही जपानी रेल्वेची हौस नव्हती. हे गणित एका प्लायवूडच्या फळीवर तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं. एक मीटर फळी घ्या, तिचं एक टोक २.७ सेंटीमीटर उचला, तो बोर घाट. ६.७ उचला, तो उसुई. फक्त एक लक्षात घ्या, की हे दोघं मिळून ३२ तेव्हाच देतात जेव्हा दोघं एकाच वेगानं फिरत असतात. म्हणून तर वहीतल्या त्या दोन रेषा.

आता स्क्रूड्रायव्हर

पहिला बदल फुकटचा आहे आणि त्याला कुणी बदल म्हणत नाही: साफसफाई. रुळांवर टिश्यू पेपर ठेवा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका, इंजिनाची एका बाजूची चाकं टिश्यूवर आणि दुसरी रुळावर ठेवून चालवा. टिश्यूवर काळ्या रेघा उमटतील. पॉलिश पेपर वापरू नका. त्यानं चाकावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी कचरा त्यातच अडकतो. सेकंड हँड इंजिनात अर्धे आजार इथेच बरे होतात. मगच पुन्हा वेळ मोजा, कारण आधीची रेषा आता खोटी झाली.

चाकांकडे बघताना काही चाकांवर रबराची पातळ रिंग दिसेल. ती पकड वाढवते. पण ज्या चाकावर रबर, त्या चाकातून वीज येत नाही. म्हणजे ओढण्यासाठी रबर वाढवलं, तर सांध्यांवर इंजिन अडखळायला लागतं, आणि अडखळू नये म्हणून रबर काढलं, तर चढावर घसरतं. दोन्ही हवं असं होत नाही. माझं मत विचाराल तर जोडीतल्या दोन्ही इंजिनांवर रबर सारखंच ठेवा आणि जुनं कडक झालेलं रबर आधी बदला. आपल्या कोकण-मुंबईच्या हवेत ते लवकर मरतं.

आता आत. कवच हलक्या हातानं बाजूला ओढलं, की दिसतं ते साधारण दोन्ही कंपन्यांचं सारखंच असतं. मध्ये मोटर, तिच्या दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, तिथून दांडे पुढच्या आणि मागच्या बोगीपर्यंत जातात आणि वर्म गिअर चाकं फिरवतो. मधली बोगी सहसा फक्त सोबत येते. खऱ्या ईएफ६३ मध्ये मात्र या मधल्या बोगीत एक जादा छोटं चाक होतं, फक्त वेग मोजायला, गाडी उतारावर हाताबाहेर जाऊ नये म्हणून.

वेग जुळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधल्या कुणालाही सुचेल. जे इंजिन जास्त पळतं, त्याच्या मोटारीच्या वाटेत डायोड घाला. सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो. पण डीसीवर इंजिन दोन्ही दिशांना चालतं, म्हणून एक डायोड पुरत नाही, एकमेकांना उलटे दोन लागतात. त्याहून सोपं म्हणजे एक छोटा ब्रिज रेक्टिफायर घ्या, त्याचे प्लस आणि मायनस पाय एकमेकांना जोडून टाका आणि उरलेले दोन पाय मोटारीच्या एका वायरच्या मध्ये घाला. दोन्ही दिशांना १.४ व्होल्ट कमी. एमबी६एस नावाचा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा मिळतो, तो छताखाली बसतो. मोटारीचा तो एक पाय चॅसिसला कुठेही टेकत नाही ना, हे कॅप्टन टेपनं पक्कं करा, नाहीतर वीज डायोडला वळसा घालून जाईल आणि तुम्ही रात्रभर डोकं खाजवाल. दिव्यांची वायर डायोडच्या आधीच ठेवा, म्हणजे दिवा मंद होणार नाही.

पण डायोड ठरावीक व्होल्ट खातो, टक्केवारीत नाही. म्हणजे तो तुमची रेषा बाजूला सरकवतो, तिचा उतार बदलत नाही. दोन्ही रेषा एका ठिकाणी जुळतील, तिथून लांब गेल्यावर पुन्हा फाकतील. मग कुठे जुळवायच्या? बहुतेक जण पूर्ण वेगाला जुळवतात, कारण तो फरक डोळ्यांना दिसतो. जोडीला जोर लावावा लागतो तो घाटात. तेव्हा २८ सेकंदांच्या फेरीपाशी जुळवा आणि वरचा फरक सोडून द्या.

पैसे असतील तर डीसीसी आहेच. प्रत्येक इंजिनात डिकोडर, सीव्ही २, ६ आणि ५ मध्ये सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा वेग भरा, सीव्ही १९ मध्ये दोघांना एकच पत्ता द्या, झालं. सगळी रेषाच वाकवता येते. तरीही एक जोडी चालवण्यासाठी डिकोडर, वेगळा कंट्रोलर असा सगळा खर्च करावा का? मला तरी कॉलेजमध्ये असताना तो करावासा वाटत नाही. दहा-वीस रुपयांचा ब्रिज आणि एक दुपार, यात जे शिकता येतं, ते सीव्हीच्या आकड्यांत शिकता येत नाही.

वजनाचं थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे खऱ्या इंजिनानं धडा घालून दिलाय. चढावर उभ्या इंजिनाचं वजन खालच्या टोकाकडे सरकतं. वरच्या टोकाची चाकं हलकी होतात आणि आधी तीच घसरतात. ईएफ६३ बनवणाऱ्यांनी म्हणून कारुइझावाकडच्या, म्हणजे वरच्या बोगीच्या अॅक्सलवर १९ टन, मधल्यावर १८ आणि योकोकावाकडच्यावर १७ टन असं मुद्दाम असमान वजन ठेवलं. सपाटीवर वाकडं दिसणारं हे वाटप घाटात सरळ होतं! मॉडेलमध्येही जादा वजन घालायचं तर वरच्या टोकाच्या बोगीवर घाला, जिथे रिकामी जागा दिसेल तिथे नाही. वजन कुठून आणायचं? टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला पाच-पाच ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या कापून बसवता येतात. शिशाचं वजन असेल तर काम झाल्यावर हात साबणानं धुवा, शिसं विषारी असतं.

आणि हो, किती घालायचं? मघाशी सांगायचं राहिलं ते इथे. चाकं घसरताहेत तोवर मोटर फिरत असते, तिला धोका नसतो. वजन इतकं वाढवलं की चाकं घसरेनातच, तर जोर संपल्यावर मोटरच अडते, अडलेली मोटर भसाभसा करंट खाते आणि जळते. म्हणून पुलीची चाचणी परत करा. चाकं घसरत असतील तोवर ठीक. मोटर अडायला लागली की शेवटची पट्टी काढून टाका.

कपलरवर फार वेळ घालवू नका. काटोचा नकल कपलर आणि टोमिक्सचा टीएन कपलर दोन्ही सुंदर दिसतात, पण एकमेकांशी जुळवायचे म्हणजे खटपट. ही जोडी तशीही कधी तुटायची नाहीये. मधल्या बाजूला पितळी तारेची छोटी आकडी वाकवून दोघांना कायमचं बांधून टाका. मात्र बाहेरच्या बाजूला, विशेषतः कारुइझावाकडच्या टोकाला, मेहनत घ्या. खऱ्या ईएफ६३ ला तिथे दोन प्रकारचे कपलर एकत्र होते, कारण त्याला इंजिनही जोडावं लागायचं आणि लोकलसारख्या स्वतःच्या मोटारीच्या गाड्याही. शिवाय जाड केबलींचा नुसता गुंता. इंजिन ओळखू येतं ते त्या चेहऱ्यामुळे.

दिव्यांचंही तसंच. जोडीच्या मधल्या बाजूचे दिवे पेटलेले दिसले की सगळा मूड जातो. नव्या मॉडेलांत ते बंद करायचं छोटं बटण असतं. जुन्यात दिव्याच्या संपर्कपट्टीवर टेपचा तुकडा लावला की काम झालं. जुना बल्ब काढून एलईडी लावणार असाल, तर १२ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर पुरेसा आहे, पण सोबत एक डायोडही घाला. इंजिन उलटं धावताना एलईडीवर उलटे १२ व्होल्ट येतात आणि बहुतेक एलईडी उलटे पाचच्या वर सोसत नाहीत.

एका गोष्टीला मात्र घाई करू नका. काही मॉडेलांबरोबर शिट्ट्या, अँटेना असे सुटे भाग येतात आणि ते बसवायला छतात अर्ध्या-एक मिलिमीटरची भोकं पाडावी लागतात. डायोड काढता येतो, वजन काढता येतं, तार काढता येते. भोक बुजवता येत नाही. आधी चालवा, जुळवा, महिनाभर वापरा. मग ड्रिल.

आपलं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे माहीत होतं. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत १९२८ चं 'सर लेस्ली विल्सन' उभं आहे. जीआयपी रेल्वेचं, घाटासाठीच घेतलेलं, हलत-डुलत चालायचं म्हणून ज्याला 'खेकडा' म्हणायचे ते. ते एनमध्ये दुकानात आयतं मिळणार नाही. ज्यांना हवं ते त्याचं कवच थ्रीडी प्रिंट करतात आणि खाली एखाद्या परदेशी इंजिनाचं चालतं चॅसिस घालतात. चॅसिस निवडताना प्रश्न पुन्हा तेच: सरपटतं किती हळू, ओढतं किती, जागा किती, वजन कुठे बसेल. ईएफ६३ च्या जोडीवर हात बसला असेल, तर खेकड्याला घाबरायचं कारण नाही. पोरं मेकॅनिकलची असतील तर कॉलेजच्या लॅबमधला प्रिंटर सेमिस्टर संपल्यावर रिकामाच असतो.

तूर्तास फळी ६.७ सेंटीमीटर उचला, जोडी खालच्या बाजूला लावा आणि आठ डबे वर ढकला. ओढायचे नाहीत, ढकलायचेच, उसुईत तसंच होतं. ढकलताना डबे वळणावर उचलले जातात, त्यामुळे पहिल्यांदा फळी सरळच ठेवा. आठ जमले की बारा. उसुईत मात्र बारा डब्यांची गाडी चढायची ती वेगळ्या पद्धतीनं. १८९ सीरिजसारख्या गाडीच्या स्वतःच्या मोटारीही चालू ठेवल्या जायच्या आणि त्यांचा ताबा मागच्या ईएफ६३ मधल्या ड्रायव्हरकडे असायचा. मॉडेलमध्येही १८९ च्या सेटमध्ये एका डब्यात मोटर असते. म्हणजे आता जुळवायच्या रेषा तीन. वहीचं नवं पान काढा आणि ४, ६, ८ व्होल्टपासून सुरू करा.